बिनतिखटाचा भंडारा

प्रवासवर्णने लिहिणाऱ्या थोर मंडळींना लहान मुले नसावीत, असा माझा फार दिवसांचा संशय आहे. असलीच, तर प्रवासाला निघण्यापूर्वी ती आजोळी पोचती केली जात असावीत. एरवी नदीकाठचा सूर्यास्त आणि देवळाचे शिखर इतक्या निवांतपणे पाहून होणे शक्य नाही. ज्याच्या खांद्यावर तीन वर्षांची मुलगी भुकेने मुसमुसते आहे आणि ज्याला ह्या गावात आता दूध कुठे मिळेल ह्याची विवंचना आहे, त्याला सूर्य तांबडा मावळला की केशरी, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मी गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दर दोन-तीन वर्षांनी अभ्यासक्रमात येतोच. पण अमुक गावी लेखकाच्या मुलाने काय खाल्ले, हे एकाही नेमलेल्या पुस्तकात वाचल्याचे मला स्मरत नाही. ती उणीव यथाशक्ती भरून काढावी म्हणून हा लेख.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भंडाऱ्याला गेलो. आम्ही म्हणजे मी, सौ. आणि आमची छकुली. पुण्यात शेजाऱ्यांना हा बेत सांगितला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुणाचा?" भंडारा म्हटले की आमच्या बाजूला मठातली पंगत तरी आठवते, नाही तर जेजुरीची हळद, फार तर देहूजवळचा डोंगर. वैनगंगेच्या काठी ह्याच नावाचे एक जिल्ह्याचे गाव आहे, १९९९ साली गोंदिया वेगळा निघाल्यावरही त्या जिल्ह्यात सात तालुके उरले आहेत आणि तिथे धान पिकते, तळी भरतात, पितळेची भांडी घडतात, हे सांगितल्यावर शेजारी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण पोरगी तिथं खाईल काय?" हा प्रश्न आमच्या घरात आठ दिवस आधीच उपस्थित झाला होता.

जाण्याचे कारण माझे होते. भंडाऱ्याच्या शिवेला लागून, नदीच्या पलीकडे नागपूर जिल्ह्यात, अंभोरा नावाचे क्षेत्र आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधू’ लिहिला तो येथेच, अशी विदर्भातल्या लोकांची श्रद्धा आहे. मराठवाड्यातल्या आंबेजोगाईचाही तसाच दावा आहे आणि त्या वादात मी पडणार नाही. एका विभागात नोकरी करून दोन्ही बाजूंच्या परीक्षकांशी संबंध ठेवावे लागतात. पण वीस वर्षे ज्या ग्रंथाचे नाव फळ्यावर लिहिले, त्याचे निदान एक संभाव्य जन्मस्थान तरी डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा होती. सौ.ने ती मान्य केली, एका अटीवर. छकुलीचे खाणे-पिणे सर्वस्वी तिच्या ताब्यात राहील आणि त्यात मुकुंदराजसुद्धा हात घालणार नाहीत.

त्याप्रमाणे एक पिशवी भरली गेली. पिवळ्या कापडाची, दोन बंदांची. तिच्यात नाचणीचे सत्त्व होते, भाजून दळलेल्या मूगडाळ-तांदळाचा डबा होता, घरचे तूप, खारीक-बदामाची पूड, विजेची किटली, उकळून गार केलेल्या पाण्याच्या चार बाटल्या आणि फडक्यात गुंडाळलेले दोन चमचे. माझे कपडे एका लहानशा पिशवीत मावले.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते आणि पुण्यावरून गोंदियाला जाते. एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस तिच्यात काढला की भंडारा रोड स्टेशन येते. हे स्टेशन भंडारा गावात नाही. ते वरठीला आहे, गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. गाडी थांबते थोडा वेळ. त्या थोड्या वेळात मी सामान उतरवले, सौ.ने झोपलेली छकुली उतरवली, आणि गाडी हलल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. पिवळी पिशवी वरच्या फळीवर होती. ती गोंदियाला चालली होती.

पिशवी उतरवण्याचे काम माझ्याकडे होते, हे येथे नमूद करतो, म्हणजे वाचकांना पुढे शोधत बसावे लागणार नाही. स्टेशनातल्या एका भल्या माणसाने फोन केले, डब्याचा क्रमांक कळवला, आणि पिशवी मिळाली तर दोन-चार दिवसांत येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो, असे सांगितले. सौ. काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे कारण वाचकांना सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून ते सांगतो.

छकुलीच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. चौदा महिन्यांचा असताना एका लग्नाच्या प्रवासात त्याला जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. कोणत्या गावचे पाणी, कोणता घास, ह्याचा उलगडा झाला नाही. वाटेत एका ठिकाणी त्याला दहीभात भरवला होता. तो मी भरवला होता. सौ.ने गेल्या नऊ वर्षांत हे एकदाही माझ्यापुढे उच्चारलेले नाही. पण छकुली जन्मल्यापासून तिच्या तोंडात घराबाहेरचा घास गेला नाही आणि घरातलाही बाहेर बसून माझ्या हाताने गेला नाही. तेव्हा वरठीच्या फलाटावर रिकाम्या हातांनी उभे राहणे म्हणजे काय, ह्याची कल्पना यावी.

पहिली रात्र केळ्यांवर गेली. केळे हे ईश्वराने बांधून दिलेले अन्न आहे. सालीच्या आत कुणाचा हात पोचत नाही. भंडाऱ्याच्या लॉजवर उतरल्यावर जवळच्या एका जेवणघरात आम्ही डोकावलो. टेबलावर आलेल्या वाटीत चार बोटे लाल तेल तरंगत होते. ह्या तेलाला तर्री म्हणतात. मी वाढप्याला विचारले, "तिखट नसलेलं काही आहे?" तो मोठ्या आपुलकीने म्हणाला, "हे तिखट नाहीच न जी. आमचे लेकरं हेच खातेत." त्याचे खोटे नव्हते. भिवापूरची मिरची शेजारच्याच तालुक्यातली. भौगोलिक मानांकनाचा मान मिळालेली. ती ज्यांच्या अंगणात वाळते, त्यांच्या जिभेचा काटा आपल्यापेक्षा निराळ्या ठिकाणी असणार. मी एक घास घेतला आणि काही काळ मुकुंदराजांचा विसर पडला.

सकाळी पोह्यांची गाडी गाठली. येथे एक गोष्ट लक्षात आली, ती मुलेबाळे घेऊन जाणाऱ्यांनी टिपून ठेवावी. विदर्भात पोहे वेगळे शिजतात आणि चण्यांची तर्री वेगळी. ती वरून ओततात. तेव्हा ‘वरून काही टाकू नका’ हे शब्द पळी वर जाण्याच्या आत उच्चारले पाहिजेत. पळी एकदा वळली की ती थांबत नाही. मी पहिल्या दिवशी उशीर केला, दुसऱ्या दिवशी जिंकलो. तरी पोह्यांत हिरव्या मिरचीचे तुकडे होतेच. ते निवडून काढता येतात, पण त्यांचा अर्क निवडता येत नाही. छकुलीने एक दाणा खाल्ला आणि जीभ बाहेर काढून सगळ्या बाजाराला दाखवली. आलुबोंड्याच्या वाटेला तर जाऊच नये. बाहेरून तो निरुपद्रवी दिसतो.

आणखी एक सापळा सांगतो. एका दुकानाच्या पाटीवर ‘सांबारवडी’ असे वाचून मी हरखलो. सांबार म्हणजे मद्रासी सांबार, त्यात बुडवलेली मऊ वडी, म्हणजे मुलीचे काम झाले. वडी आली, ती कोथिंबिरीने गच्च भरलेली, खमंग तळलेली आणि आतून झणझणीत. ह्या मुलखात सांबार म्हणजे कोथिंबीर. बटाटा म्हणजे आलू, शेंगदाणा म्हणजे फल्ली आणि पिठले म्हणजे चून. मराठीच्या प्राध्यापकाला मराठी खाद्यपदार्थांची यादी वाचता येऊ नये, ह्याबद्दल सौ.ने एक दृष्टिक्षेप टाकला. वरठीनंतरचा तो तिचा पहिला अभिप्राय.

पण वडी मी संपवली. फार चांगली होती.

ह्या दिवसांत छकुलीला खरा आधार दिला तो शिंगाड्यांनी. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव अजून धानाला पाणी देतात. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्यामुळे त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. ह्या पाण्यात ढिवर लोक मासे धरतात आणि शिंगाड्याचे वेल लावतात. दिवाळीच्या सुमारास बसस्टँडाबाहेर बायका काळपट, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बसतात. कवच फोडले की आत पिठूळ, गोडसर गर. मूल तो आवडीने खाते, आणि कवच आपल्या हातांनी फोडायचे असल्यामुळे आईचेही समाधान होते. मात्र उकडलेलेच घ्यावे. कच्चा शिंगाडा तळ्यातल्या पाण्यासकट येतो आणि त्या पाण्यातले जंतही बरोबर आणू शकतो. सौ.ने टोपलीवालीला "किती वेळ उकडले?" असे तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, आता आणखी उकडले तं शिंगाडे नाही राहत, खीर होते."

दुपारी भांड्यांच्या बाजारात गेलो. भांड्यांवरून भंडारा, असे लोक सांगतात. भाषेची माणसे ‘भाणारा’ ह्या जुन्या नावाकडे बोट दाखवतात. मी दोन्ही बाजू मांडल्या. सौ. पितळेची एक वाटी हातात घेऊन ती उजेडाकडे धरून पाहत होती, तिला व्युत्पत्तीत रस नव्हता. ती कल्हईची चौकशी करीत होती. पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. ताक हिरवट होते, पोटात गेले तर मळमळते आणि उलट्या होतात. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे, की क्षणात पिवळ्याचे रुपेरी होते. कल्हई करणारा माणूस शोधून काढायला आम्हाला तासभर लागला. छकुली त्या धुराकडे आणि चकाकीकडे तोंड उघडे ठेवून पाहत राहिली, आणि त्या उघड्या तोंडात सौ.ने पाच शिंगाडे घातले. जेवणासाठी जागा शोधताना हा उपाय कुणी सुचवत नाही. पण ज्या जागी मूल काही पाहण्यात गुंतते, तेथे ते जेवते.

तिसऱ्या दिवशी अंभोरा. वैनगंगेला येथे कन्हान आणि आणखी तीन लहान नद्या येऊन मिळतात, अशी पाच नद्यांची गणती लोक करतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, हरिनाथांची समाधी आहे, आणि खाली गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी दूरवर पसरलेले आहे. त्या पाण्यावर २०२४ साली खुला झालेला नवा केबल-स्टेड पूल आहे, वरती माणसांना चढून पाहण्यासाठी काचेची गॅलरी असलेला. मुकुंदराजांना तो आवडला असता की नाही, सांगता येत नाही. छकुलीला फार आवडला. मी समाधीपाशी उभा होतो. ज्या भाषेत मी पोट भरतो, तिच्यातला एवढा जुना ग्रंथ येथे बसून कुणी लिहिला असेल, ह्या विचाराने अंगावर काटा आला, आणि नेमक्या त्याच क्षणी मागून आवाज आला, "भूक."

येथे लोक आवर्जून मासे खायला येतात. ताजे, डोळ्यांदेखत तळलेले. पण गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला मांसात गुंतलेले बारीक, दुभागलेले काटे असतात, ते मोठ्या माणसालाही जिभेने चाचपून काढावे लागतात. तीन वर्षांच्या मुलीला ते देणे म्हणजे जुगार. मरळ मिळाला तर गोष्ट वेगळी, त्याला काटे थोडे. आजारातून उठलेल्या माणसाला तो देतात. त्या दिवशी मरळ नव्हता. छकुलीने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ला, पिवळा मला दिला, आणि परतताना गाडीत ती इतकी रडली की चालकाने दोनदा मागे वळून पाहिले. अंग थोडे कोमट लागत होते. सौ.ने पर्समधली जलसंजीवनीची पुडी काढून हातात धरून ठेवली. फोडली नाही, नुसती धरली. रात्रभर आम्ही दोघे जागे होतो आणि एकमेकांना झोपल्याचे भासवत होतो.

सकाळी ताप नव्हता. खरे तर त्या दिवशी लॉजवर पडून राहायचे ठरले होते. पण छकुली खिडकीशी उभी राहून "नदी" म्हणू लागली आणि सौ. म्हणाली, "पवनीलाच जाऊन येऊ. इथं बसून तरी काय करणार?"

भंडाऱ्याहून दक्षिणेला अड्याळवरून पवनीचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. हलके धान कापून पडलेले, भारी धान अजून उभे, आणि मध्ये मध्ये तळ्याच्या पाळीवर बगळे. पवनी हे फार जुने गाव आहे. जुन्या तटाचे आणि खंदकाचे अवशेष अजून दिसतात. १९६९-७० मध्ये येथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला, ब्राह्मी अक्षरे कोरलेल्या दगडांसह. घाटांवर आणि गल्ल्यांत इतकी देवळे आहेत की लोक गावाला विदर्भाची काशी म्हणतात. ह्या सर्वांवर मला पुष्कळ लिहिता येईल, परंतु विषय जेवणाचा आहे.

घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर ‘भोजन मिळेल’ एवढीच पाटी होती. नाव नाही. आत दोन बाके, एक पंखा, आणि सत्तरीच्या पलीकडची एक म्हातारी. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "तिखट फोडनीत राहते जी. फोडनीच नाही देली तं तिखट कुठून येनार?"

चार दिवसांत हे उत्तर कुणी दिले नव्हते. मी प्रत्येक ठिकाणी तयार झालेल्या पदार्थांतला बिनतिखट पदार्थ शोधत होतो. ती मला तयार होण्याच्या आधीच्या वेळेकडे नेत होती. अकरा वाजले होते, वरण शिजले होते, फोडणी पडायची होती. तेव्हा वाचकहो, ह्या जिल्ह्यात लहान मुलाला घेऊन जेवायचे असेल तर जेवणाच्या वेळी जाऊ नका. तासभर आधी जा.

सौ. उठली आणि सरळ आत चुलीपाशी गेली. मला भीती वाटली. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरणे म्हणजे तिच्या स्वच्छतेवर शंका घेणेच. बाकावरून मला अर्धे दार दिसत होते. सौ.ने पिण्याच्या पाण्याचा गुंड पाहिला, झाकण उचलले, पुसायचे फडके पाहिले, ताटे पाहिली. म्हातारी बाजूला सरून उभी राहिली आणि म्हणाली, "पाहून घे बाई. लेकराची माय आहेस, पाहाच लागते." मग सौ.ने डाळ कोणती म्हणून विचारले. "तुरीची हाय. लाखोरी नाही हो." ह्या प्रश्नामागे इतिहास आहे. लाखोळी नावाची डाळ येथे धान निघायच्या आत ओल्या बांधीत फेकून पेरतात. दुष्काळात गरिबांना महिनोन्महिने तिच्यावरच राहावे लागले, की पाय लुळे पडत. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बरीच वर्षे बंदी होती. सौ.ला हे माहीत असावे ह्याचे मला आश्चर्य वाटले. निघण्यापूर्वीच्या आठ दिवसांत तिने माझ्यापेक्षा अधिक अभ्यास केला होता.

म्हातारीने तांदूळ मात्र आमच्यासाठी वेगळा लावला. दुकानात नवा तांदूळ होता, पण "नवा लेकराले नाही द्याचा, पोट धरते," म्हणून तिने आतल्या खोलीतल्या बांबूच्या ढोलीतून वर्षाचा जुना चिन्नोर काढला. चिन्नोर हा भंडाऱ्याचा मानाचा तांदूळ. दाणा बारीक, आणि शिजताना वास गल्लीपर्यंत जातो. त्यालाही आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण तो सगळीकडे मिळत नाही, उतारा कमी म्हणून शेतकरी थोडाच लावतात. पाणी तिने आमच्यासमोर खळाखळा उकळवले. भात शिजेपर्यंत अर्धा तास होता. तेवढ्यात छकुली अंगणात कोंबडीमागे गेली आणि मी ओट्यावर बसलो. आतून सौ.चा आवाज ऐकू येऊ लागला.

तिने त्या म्हातारीला मुलाबद्दल सांगितले. पहिल्यांदा मला वाटले, भलतेच काही बोलणे चालले आहे. मग लग्नाचे गाव ऐकू आले, मग ते तीन दिवस. नऊ वर्षांत तिने आपल्या सख्ख्या बहिणीलाही हे असे ओळीने सांगितलेले मला माहीत नाही. मी ओट्याच्या कडेला बसून पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आले. "वाटेत थांबलो होतो," सौ. म्हणाली, "तिथं आम्ही त्याला दहीभात भरवला."

मी व्याकरण शिकवतो. प्रथमपुरुषी अनेकवचनावर मी वर्गात तासच्या तास घेतलेले आहेत. त्या दिवशी ओट्यावर बसून मी घाटाकडे पाहत राहिलो आणि बराच वेळ मला नदी नीट दिसली नाही.

म्हातारी काय म्हणाली ते ऐकू आले नाही. बहुधा काहीच म्हणाली नसावी. झाकण उचलल्याचा आवाज आला आणि चिन्नोरचा वास बाहेर आला.

छकुलीच्या त्या जेवणाचे वर्णन करायला हरकत नाही. सूर्यास्ताइतकेच ते दुर्मीळ होते. म्हातारीने आमची नवी पितळी वाटी उकळत्या पाण्याने धुतली, तिच्यात मऊ भात, बिनफोडणीचे वरण, वर तुपाची धार, मिठाचे चार खडे चुरडून. मग तिने भुईवर बसून बोटांनी तो कालवला. सौ. शेजारी बसली होती, हात मांडीवर. तिने चमचा मागितला नाही. म्हातारीने काठावर लहान लहान घास मांडले. काऊ-चिऊचाच तो खेळ, पण तिच्याकडे चिऊच्या जागी बांधीतला बगळा होता. बगळ्याचा घास, मग मासोळीचा, मग तळ्यातल्या बेडकाचा. आणि बेडकाचा घास गिळताना ‘डराव’ म्हणायचे. छकुलीने तीन वेळा बेडकाचा मागून घेतला. वाटी रिकामी झाली. मग ती म्हणाली, "पानी."

घरी ह्या शब्दावर आमची रोज लढाई असते. "पाणी म्हण," असे मी म्हणतो आणि ती पानीच म्हणते. म्हातारीने "घे मा, पानी घे," म्हणून फुलपात्र पुढे केले. ह्या भागाच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. माझी मुलगी इतके दिवस शुद्ध झाडीबोली बोलत होती आणि मी तिला चुका काढत होतो. फुलपात्रातले पाणी उकळून गार केलेले आहे, हे सौ.ने डोळ्यांनी विचारले आणि म्हातारीने डोळ्यांनीच सांगितले.

आम्हीही जेवलो. आमच्या वरणाला फोडणी होती, तिने माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते सगळ्यांना तिखटाचेच वाटले. पैसे देताना म्हातारीने दोन ताटांचे घेतले. "लेकराचं नाही घेत जी." मी आग्रह केला तेव्हा ती आत निघून गेली. येताना तिच्या हातात किलो-दीड किलो चिन्नोरची पुरचुंडी होती. तिचे मात्र तिने बाजारभावाने चोख पैसे मोजून घेतले.

परतीच्या दिवशी वरठीला पिवळी पिशवी आमची वाट पाहत होती. गोंदियाहून कुणीतरी ती आणून ठेवली होती, बंद जसेच्या तसे बांधलेले. गाडी सुटल्यावर सौ.ने ती उघडली. बाटल्यांतले पाणी खिडकीतून ओतून दिले. मूगडाळ-तांदळाच्या पुडीला वास आला होता, तीही गेली. डबा पुसून तिने त्यात चिन्नोर भरला आणि झाकण दाबून बसवले. छकुली वरच्या फळीवर पितळी वाटी वाजवीत होती. नागपूर गेले, वर्धा गेले. बाहेर अंधार पडला होता. सौ. एकदम म्हणाली, "अहो, पाण्याचं माप विचारायचं राहिलंच की! एका वाटीला दोन घालायचं की अडीच?"